डीपला गेलं की मी हळू का होते? (टँकची खोली आणि पोहणं)

चिंब_सकाळ

वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले, तेही सोसायटीच्या टँकमध्ये. टँक वीस मीटरचा, खोली सगळीकडे सारखी, चार फूट. दम लागला की उभं राहायचं, गॉगल पुसायचा, शेजारणीशी दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा सुरू. असं करत करत तीन वर्षांत ४०० मीटर न थांबता जमायला लागलं. वेळ ११ मिनिटं १० सेकंदांच्या आसपास. हसू नका, मला त्याचा अभिमान आहे.

गेल्या महिन्यात सोसायटीचा टँक गळतीच्या कामासाठी बंद झाला, म्हणून गावातल्या जुन्या मोठ्या टँकचा पास काढला. ५० मीटर लांब, एका टोकाला साडेतीन फूट, दुसऱ्या टोकाला बारा. निम्मं अंतर गेलं की खालच्या निळ्या फरशा काळसर दिसायला लागतात. तिथे तेच ४०० मीटर मला १२ मिनिटं २० सेकंद लागतात. एकदा नाही, पाच वेळा मोजलं.

टँकवरच्या एका काकांचं म्हणणं, "खोल पाणी जड असतं, ओढून धरतं." त्यांच्याच शेजारच्या काकांचं म्हणणं, "उलट खोल पाणी उचलून धरतं, तुम्हालाच पोहता येत नाही." नवरा म्हणतो वय झालं. तिन्ही उत्तरं मला मान्य नाहीत. जाणकारांनी सांगावं: खोलीचा वेगाशी काही संबंध असतो का?

आडातला_बेडूक

ताई, आमच्याकडं हा प्रश्न कुणाला पडलाच नाही, कारण उथळ असं काही नव्हतंच. विहीर सहा परस (परस म्हणजे माणूसभर खोली), उन्हाळ्यात पाणी तीन-चार परस. पाठीला पांगाऱ्याच्या हलक्या, तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधला आणि चुलत्यानं वरनं ढकललं, झाला पहिला धडा. दुसऱ्या वर्षी बिंडा सुटला. तिसऱ्या वर्षी काठावरनं मुटका, मग सूर, मग बुडी मारून तळाचा गाळ मुठीत घेऊन वर यायचं. गाळ दाखवल्याशिवाय बुडी धरत नसत.

ठाव लागत नाही म्हटल्यावर माणूस हातपाय मारतोच. तुमची चूक एकच, ठाव लागणाऱ्या पाण्यात शिकलात.

फाटेफोडे

म्हणजे ढकलून दिलं नाही म्हणून पोहणं कच्चं? आमच्या गावच्या विहिरीत असंच ढकललेला एक मुलगा आयुष्यात परत पाण्यात उतरला नाही. ती गोष्ट कुणी सांगत नाही.

आडातला_बेडूक

हे बी खरं. आमच्यातले दोघं तसेच आहेत.

घड्याळवाला

मी क्लबच्या पोरांच्या वेळा घेतो, वीस वर्षं हातात स्टॉपवॉच. ताई, तुमच्या प्रश्नात खोली नंतर येते, आधी भिंत येते.

वीस मीटरच्या टँकमध्ये ४०० मीटर म्हणजे वीस लेंग्थ, एकोणीस टर्न. पन्नासच्या टँकमध्ये आठ लेंग्थ, सात टर्न. बारा टर्न कमी. प्रत्येक टर्नला तुम्ही भिंतीला पाय लावून स्वतःला ढकलता आणि तीन-चार मीटर फुकटात जाता. त्या तीन-चार मीटरचा तुमचा वेग हात मारताना असतो त्याच्या दुप्पट. शिवाय भिंत धरली की अर्धा श्वास जास्त मिळतो, ते कुणी कबूल करत नाही. एका टर्नला तीन ते चार सेकंद वाचतात असं धरा. बारा टर्नचे छत्तीस ते अठ्ठेचाळीस झाले. तुमचा फरक सत्तर सेकंदांचा. निम्म्याहून जास्त हिशेब भिंतीनेच चुकता केला.

मोठ्यांचंही असंच आहे. पुरुषांच्या १०० मीटर फ्रीस्टाइलला ५० मीटरच्या टँकमध्ये चीनच्या पान झानलेने पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये ४६.४० सेकंद दिले. २५ मीटरच्या टँकमध्ये हीच शर्यत माणसं ४५ सेकंदांच्या आत पोहून गेली आहेत. म्हणून दोन लांब्यांचे विक्रम वेगळे ठेवतात. तुमचेही वेगळे ठेवा.

चिंब_सकाळ

अरे देवा. हे मला सुचायला हवं होतं, मी अकाउंट्समध्ये आहे. पण मग उरलेले पंचवीस-तीस सेकंद कुणाच्या नावावर टाकायचे?

लेन_चार

खोलीच्या! पॅरिस विसरलात का सगळे? ऑलिंपिकची शर्यत ज्या टँकमध्ये झाली तो ला देफाँस अरेनामध्ये, म्हणजे एरवी रग्बी आणि गाण्याचे कार्यक्रम चालतात त्या स्टेडियममध्ये तात्पुरता बसवलेला होता. खोली २.१५ मीटर. परवानगी मिळाली तेव्हा नियमाची किमान खोली २ मीटर होती, पुढे ती वाढवून अडीच केली, आणि शिफारस तर ३ मीटरची आहे. बीजिंग, लंडन, टोकियो, सगळे ३ मीटरवाले.

आणि झालं काय? पहिले चार दिवस एकही विश्वविक्रम नाही. पुरुषांची १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोक ५९.०३ सेकंदांत जिंकली गेली. ब्रिटनच्या ॲडम पीटीने हीच शर्यत रिओला ५७.१३ आणि टोकियोला ५७.३७ मध्ये जिंकली होती, २०१९ ला ५६.८८ केले होते. पॅरिसला तो स्वतः ५९.०५! उथळ टँकमध्ये तळावरून लाटा परत वर येतात, पाणी ढवळलेलं राहतं, हे तेव्हा रोज सांगितलं जात होतं.

फाटेफोडे

आणि पाचव्या दिवशी, ३१ जुलैला, त्याच ढवळलेल्या पाण्यात पान झानलेने विश्वविक्रम केला. स्वतःचा ४६.८० चा मोडून, तब्बल चार दशांशांनी. त्या दिवशी टँक खोल झाला होता का?

लेन_चार

तो अपवाद.

फाटेफोडे

अमेरिकेच्या बॉबी फिंकचा १५०० मीटरचा विश्वविक्रम १४:३०.६७, तोही अपवाद. अमेरिकेचे दोन मेडले रिले, तेही अपवाद. फ्रान्सच्या लेओं मारशाँने चार वैयक्तिक शर्यतींत चार ऑलिंपिक विक्रम केले, हे चार अपवाद. टोकियोच्या तीन मीटरमध्ये पोहण्याचे सहा विश्वविक्रम झाले, पॅरिसच्या २.१५ मध्ये चार. सहा आणि चारचा फरक तुम्हाला खोलीचा वाटतो?

खलाशी_निवृत्त

चांगला विषय निघाला आहे, जरा सविस्तर लिहितो. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, लहानपण खाडीकाठी. उथळ पाणी वेग खातं हे आमच्याकडे पोरालाही ठाऊक असतं. ओहोटीला होडी खाडीच्या कडेने काढली की मागे लाट मोठी उठते, नाळ उचलली जाते आणि इंजिन तेवढंच ओरडत असताना किनारा पुढे सरकत नाही. मोठी जहाजं तर उथळ पाण्यात खाली बसतात. तळ आणि जहाजाचं बूड यांच्या फटीतून पाणी जोरात जातं, तिथला दाब कमी होतो आणि जहाज खाली ओढलं जातं. म्हणजे लेन_चार म्हणतात तो परिणाम खोटा नाही. प्रश्न असा की तो माणसाला कधी लागू होतो.

पाण्यावरून जाणारी कुठलीही वस्तू आपल्या वेगाची लाट बरोबर घेऊन जाते. त्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गावर ठरते: सेकंदाला किती मीटर जाता त्याचा वर्ग करा, ०.६४ ने गुणा, आली लांबी मीटरमध्ये. लाट जितकी लांब तितकं तिचं हलणं खाली पोचतं, पण फार खाली नाही. लांबीच्या निम्म्या खोलीवर गेलात की पृष्ठभागावरच्या हालचालीच्या चार टक्के उरते. त्याखाली तळ कुठे आहे, लाटेला पत्ताच नसतो.

आता चिंब_सकाळ यांचा हिशेब. ४०० मीटर ६७० सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ०.६ मीटर. वर्ग ०.३६, गुणिले ०.६४, म्हणजे २३ सेंटिमीटर. ताई, तुमची लाट बरोब्बर एक वीत लांब आहे. तिचा परिणाम चार बोटं-सहा बोटं खाली संपतो. तुमच्याखाली चार फूट पाणी असो, बारा फूट असो की मारियाना गर्ता असो, लाटेच्या लेखी सगळं एकच.

पान झानले सेकंदाला २.१५ मीटर गेला. त्याची लाट साधारण ३ मीटरची, निम्मी दीड मीटर. पॅरिसचा टँक २.१५. त्यालासुद्धा तळ जवळपास लागला नाही.

उथळ पाण्याची दुसरी गोष्ट म्हणजे तिथे लाटेला वेगाची मर्यादा असते, आणि ती फक्त खोलीवर ठरते. चार फुटांत ती सेकंदाला साधारण ३.५ मीटर, अर्ध्या मीटरमध्ये २.२. आपला वेग त्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेला की पाणी त्रास द्यायला लागतं. म्हणजे पान झानलेला मांडीभर पाण्यात पोहायला लावलं तर तो खरोखर स्वतःच्याच लाटेवर चढत बसेल. मीटरभर पाण्यात थोडा त्रास होईल. दोन मीटरच्या पुढे दर मीटरचा फायदा असून नसल्यासारखा.

लेन_चार

गणित मान्य. पण माणूस जहाजासारखा सरळ जात नाही. तो भिंतीवर आपटतो, वळतो, आणि आपल्याच मागून आलेल्या पाण्यात परत घुसतो. सूर मारल्यावर आणि टर्न घेतल्यावर तो पाण्याखालून डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून झटके) मारत १५ मीटरपर्यंत जाऊ शकतो, तिथे तळ जवळ असणं आणि नसणं सारखं कसं?

खलाशी_निवृत्त

हा मुद्दा तुमचा बरोबर आहे, आणि मी तो टाळला होता. पाण्याखालून जाताना चांगला पोहणारा अर्धा-पाऊण मीटर खाली असतो, कारण त्या खोलीवर लाट करण्यात ताकद वाया जात नाही. त्याच्याखाली दीड मीटर पाणी असेल तर पायांनी फेकलेले भोवरे तळाला लागण्याआधी विरायला जागा आहे. मीटरच असेल तर कमी. म्हणून टर्नच्या जागी खोली कामाची, मधल्या तीस मीटरमध्ये नाही. पण "पॅरिस हळू होता" हे एका ब्रेस्टस्ट्रोकच्या निकालावरून सिद्ध होत नाही. ब्रेस्टवाले त्या वर्षी दमले असतील, बाकीचे नाही.

फाटेफोडे

खोलीला श्रेय देताना बीजिंगचं उदाहरण फार देतात. २००८ चा वॉटर क्यूब, तीन मीटर, विक्रमांचा पाऊस. अंगात कोणते सूट होते ते सोयीने विसरतात. पुढच्या वर्षी रोमला पॉलियुरेथेनच्या सूटांवर ४३ विश्वविक्रम पडले आणि १ जानेवारी २०१० पासून ते सूट बंद झाले. त्यानंतर बरेच विक्रम वर्षानुवर्षं हलले नाहीत. टँक तेच होते.

आणि खलाशीकाका, दोन मीटरच्या पुढे फायदा नसेल तर तीन मीटर खोदतात कशाला? पैसे वर आलेत?

घड्याळवाला

एकाच टँकवर सगळं करायचं असतं म्हणून. आर्टिस्टिक स्विमिंगवाल्या मुली उलट्या होऊन पाण्यात उभ्या राहतात, त्यांना तळाला स्पर्श करायचा नाही, त्यांना तीन मीटर लागतात. वॉटर पोलोला तळावर पाय टेकायला बंदी. पाण्याखालचे कॅमेरे रुळावर पळतात. आणि बांधणाऱ्याला "आमचा टँक वेगवान" हे सांगायला आवडतं.

पाणी किती लागतं बघा. ५० बाय २५ च्या टँकला एक मीटर खोली वाढवली की १२५० घनमीटर, साडेबारा लाख लिटर वाढले. दहा हजार लिटरवाले सव्वाशे टँकर. तेवढ्या पाण्याचं क्लोरिन, फिल्टर, वीज वेगळी. आपल्याकडे मार्चमध्ये पाणीकपात लागली की पहिल्यांदा टँकच बंद होतात. मला विचाराल तर तालुक्याला एक तीन मीटरचा टँक बांधण्यापेक्षा सव्वा-दीड मीटरचे दोन बांधा, पोरं जास्त शिकतील.

वेगासाठी खोलीपेक्षा काठ महत्त्वाचा. पाणी काठोकाठ असेल आणि बाजूच्या गटारात सांडत असेल तर लाट परत येत नाही. जुन्या टँकांना काठ फूटभर वर असतो, लाट भिंतीवर आपटून परत लेनमध्ये येते. लेनच्या दोऱ्यांवरच्या चकत्याही त्यासाठीच असतात, नुसत्या रंगासाठी नाही. मोठ्या स्पर्धांत दहा लेनच्या टँकमध्ये आठच वापरून कडेच्या दोन रिकाम्या ठेवतात, तेही ह्यासाठीच. वीरधवल खाडेचं २०१० च्या ग्वांगझू एशियाडचं ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आठवा, चोवीस-साडेचोवीस सेकंदांचा सगळा खेळ. तिथे शेजारच्या लेनची एक लाट तोंडावर आली तरी पदक जातं.

गवारीची_शेंग

अवांतर, पण राहवत नाही. पाणी "जड" असतं म्हणणाऱ्या काकांसाठी: अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात कसलर आणि गेटलफिंगर या दोघांनी २५ मीटरच्या टँकमध्ये तीनशे किलोहून जास्त गवार गम ओतला, पाणी दुप्पट चिकट झालं, आणि माणसांना त्यात पोहायला लावलं. वेळ बदलली नाही! हात मारताना जितका अडथळा वाढतो तितकाच ढकलायला आधारही वाढतो. २००५ चा इग्नोबेल, म्हणजे गमतीशीर संशोधनाचं बक्षीस, मिळाला त्यांना. आपली गवार, भाजीतून उठून थेट विज्ञानात. घरी आठवड्यातून दोनदा असते, तरी कुणाला किंमत नाही.

खलाशी_निवृत्त

वा! आणि दुसऱ्या काकांसाठी: खोल पाणी जास्त उचलून धरत नाही. आपण जेवढं पाणी बाजूला सारतो तेवढ्याच वजनाचा आधार मिळतो, खाली किती आहे त्याच्याशी देणंघेणं नाही. समुद्रात जास्त तरंगतो ते मिठामुळे, खोलीमुळे नाही. उलट बेडूकराव बुडी मारून तळाला जायचे तेव्हा वरच्यापेक्षा कमी तरंगत असणार, कारण पाण्याच्या दाबाने छातीतली हवा दबते. दहा मीटरवर ती निम्मी होते.

आडातला_बेडूक

बरोबर! खाली गेल्यावर वर यायला पहिल्यांदा जोर लावावा लागायचा, मग अर्ध्यातनं आपोआप वर. आम्ही म्हणायचो विहीर सोडत नाही. कान बी दुखायचे. आणि थंडगार! वरचं पाणी कोमट, खाली पाय घातला की बर्फ.

मणक्यांचा_डॉक्टर

धागा वाचून दोन गोष्टी लिहितो, विनोद बाजूला ठेवून.

पहिली. चार फुटांच्या टँकमध्ये सूर मारू नका. मुलांनाही मारू देऊ नका. डोकं तळावर आपटतं, मान पुढे मोडते, आणि मानेचा पाचवा-सहावा मणका जातो. माझ्याकडे आलेल्यांत बहुतेक तरुण मुलगे, बहुतेक पोहता येणारे. न येणारा उथळ पाण्यात सूर मारत नाही, येणारा मारतो. स्पर्धेच्या साध्या टँकलाही जिथे उडीचे चौथरे असतात तिथे भिंतीपासून १ ते ६ मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर खोली हवी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. चार फूट म्हणजे १.२२. आणि नियमातला सूर हा शिकलेल्या माणसाचा, पसरट. गच्चीवरच्या पार्टीतला नव्हे. दहा मीटरच्या फळीखाली पाच मीटर पाणी ठेवतात, ते उगीच नाही. असा अपघात झालाच तर माणसाला हाताला धरून ओढून काढू नका. पाण्यातच डोकं, मान आणि पाठ एका रेषेत धरून ठेवा, फळी येईपर्यंत.

दुसरी. वरून बघताना पाण्याची खोली खरीपेक्षा कमी दिसते, पाऊण हिस्साच. सहा फूट पाणी साडेचार फूट दिसतं. सव्वापाच फुटांच्या माणसाला वाटतं गळ्यापर्यंत येईल, आणि ते डोक्यावरून जातं. तिरकं बघितलं तर अजून कमी दिसतं. नदीवर, धरणाच्या काठाला सहलीला गेलेली मुलं अशीच जातात. दर पावसाळ्यात बातमी येते.

चिंब_सकाळ

डॉक्टर, धन्यवाद. आमच्या टँकवर "डायव्हिंग करू नये" अशी पाटी आहे आणि रविवारी तिच्याच खालून मुलं सूर मारतात. ही पोस्ट ग्रुपवर टाकते, तुमच्या नावाशिवाय.

बाकी सगळ्यांचं वाचून मला राहून राहून एकच वाटतंय. माझ्या उथळ टँकमध्ये तळ इतका जवळ असतो की फरशा भराभरा मागे जातात, आपण सुसाट चाललोय असं वाटतं. डीपला खालच्या काळ्या रेषा जागच्या हलतच नाहीत. विमानातून खाली बघितल्यासारखं. मग मी जोर लावते, मग दम लागतो.

घड्याळवाला

आता आलात बरोबर जागेवर. पोरांचंही हेच होतं. एक विचारतो: डीपला गेल्यावर तुम्ही पुढे बघता का खाली?

चिंब_सकाळ

पुढे. भिंत किती लांब राहिली ते बघते. खरं सांगू, खाली बघवत नाही.

घड्याळवाला

मग झालं की. डोकं वर उचललं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि तुम्ही पाणी कापत जाण्याऐवजी ढकलत जाता. श्वासही आखडता घेत असणार. तुमचे उरलेले तीस सेकंद तिथे आहेत.

लेन_चार

हेही अंदाजच झाले की. मोजून दाखवा.

चिंब_सकाळ

(तीन आठवड्यांनी)

मोजून आले. लेन_चार यांनी डिवचलं नसतं तर केलं नसतं.

टँकच्या मधोमध काठावर मुलीला स्टॉपवॉच घेऊन बसवलं. उथळ निम्मा भाग वेगळा, खोल निम्मा वेगळा. भिंतीची ढकल मध्ये यायला नको म्हणून घड्याळ भिंतीपासून पाच मीटरवरच्या झेंड्यांच्या दोरीपासून सुरू केलं आणि खोल भागातून परत येताना तेवढंच अंतर सोडलं. म्हणजे दोन्हीकडे सारखे वीस-वीस मीटर. चार दिवस, रोज दोन वेळा.

फ्रीस्टाइल: उथळ भागात सरासरी २५ सेकंद, खोल भागात २८.

मग मुलीनेच सुचवलं की बॅकस्ट्रोक करून बघ, त्यात खाली दिसतच नाही. खोलीमुळे पाणी बदलत असेल तर पाठीवरही फरक पडायला हवा. पडला नाही. उथळला ३१, खोलला ३१. एकदा तर खोल भागात अर्धा सेकंद लवकर.

पाणी सुटलं निर्दोष. आरोपी मीच.

फाटेफोडे

पाठीवर असताना खाली बारा फूट आहे हे माहीत नव्हतं का? भीती तेव्हा कुठे जाते?

चिंब_सकाळ

माहीत होतं हो. पण वर पत्र्याच्या छपरावर कबुतरांची जोडी बसते, मी ती बघत जाते. त्यांनी बारा नंबरच्या तुळईवर घरटं केलंय. दोन अंडी आहेत.

लेन_चार

आठ वेळा मोजून काही सिद्ध होत नाही. पण प्रयोग झकास. पॅरिसबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

खलाशी_निवृत्त

बॅकस्ट्रोकची कल्पना मला सुचली नव्हती. लेकीला माझ्याकडून शाबासकी.

घड्याळवाला

ताई, आता एक करा. डीपला शिडीपाशी जा, शिडी धरून बुडी मारा, पायाने तळाला हात लावा... म्हणजे पाय लावा, आणि वर या. लाइफगार्डला सांगून, एकट्याने नाही. रोज दोनदा. तळ एकदा पायाखालचा झाला की त्याच्याकडे बघवतं.

चिंब_सकाळ

काल केलं. सातव्या प्रयत्नाला पाय टेकला. कान दुखले, वर येऊन खोकले, आणि शिडी पाच मिनिटं सोडली नाही. काका म्हणाले, "बघा, जड असतं ना खोल पाणी?" मी हो म्हटलं.

आज खाली बघत गेले. २६ सेकंद.

आडातला_बेडूक

ताई, आता विहिरीवर या. गाळ दाखवल्याशिवाय बुडी धरत नाही, आधीच सांगतो.

चिंब_सकाळ

एप्रिलमध्ये पाणी किती असतं?

आडातला_बेडूक

चार परस.

चिंब_सकाळ

पांगाऱ्याचा बिंडा अजून आहे का घरात?

आडातला_बेडूक

माळ्यावर हाय. पुतण्याला सांगून उतरवून ठेवतो.